बायबलमधले इशारे आणि आपलं तारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वासापासून घसरण्याबद्दलचे बायबलमधले इशारे आणि आपलं तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, यांबद्दलचे हे प्रश्न वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरांतून पुन्हा पुन्हा येतात. बरेचसे रात्री उशिरा पाठवलेले असतात आणि त्यांत भीती असते. काहींत वाद घालायची खुमखुमी असते, तेही चालतं. नावं-गावं काढून आणि सारखे प्रश्न एकत्र करून ही यादी केली आहे. बायबल शेजारी ठेवून वाचलंत तर बरं, कारण निम्मा गोंधळ एखादी ओळ सुटी वाचल्यामुळे होतो.

१. हे इशारे बाहेरच्या लोकांसाठी असतील ना? आपण तर विश्वासात आहोत.

नाही. बहुतेक इशारे मंडळीतच वाचून दाखवण्यासाठी लिहिले गेले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात असे पाच मोठे उतारे आहेत (२:१-४, ३:७ ते ४:१३, ५:११ ते ६:१२, १०:१९-३९ आणि १२:१४-२९). त्या पत्राच्या वाचकांनी विश्वासापायी मालमत्तेची लूटसुद्धा सोसली होती (१०:३४). आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडू नये म्हणून जपावं, असं पौल करिंथच्या मंडळीला बजावतो (१ करिंथ १०:१२). त्यातून तो स्वतःलाही वगळत नाही. दुसऱ्यांना उपदेश करून आपणच बाद ठरू नये, ही काळजी त्याला आहे (९:२७). प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांपैकी पाच मंडळ्यांना पश्चात्ताप करायला सांगितलं आहे, फक्त स्मुर्णा आणि फिलदेल्फिया सुटल्या. येशूचा एक फार कडक शब्द तर ‘प्रभू, प्रभू’ म्हणत त्याच्या नावाने भुतं काढणाऱ्यांना आहे (मत्तय ७:२१-२३). रोगमुक्तीच्या सभांचे मोठमोठे बॅनर लावणाऱ्यांनी ते वचन आधी वाचावं, असं माझं मत.

२. तारण कृपेने, फुकट मिळतं म्हणता. मग या धमक्या कशाला?

बंदरावर वादळाचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागतो तेव्हा होडी बुडाल्याची ती बातमी नसते. ज्यांची होडी अजून शाबूत आहे, त्यांच्यासाठीच बावटा लावतात. बायबलमधले इशारे असेच वाचावेत.

यासाठी प्रेषितांच्या कृत्यांचा २७वा अध्याय सगळा वाचा. दर्यावर्दी माणसाला तो कुणी समजावून द्यावा लागणार नाही. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे, तारू दोन आठवडे वादळात सापडलं आहे. तुमच्यापैकी कुणाचाही जीव जाणार नाही, फक्त तारू जाईल, असं देवदूताने पौलाला कळवलं आहे (२२-२४). म्हणजे वचन मिळालेलं आहे आणि त्याला कसलीही अट नाही. तरीही खलाशी नांगर टाकायच्या बहाण्याने लहान होडी सोडून पळू लागतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला सांगतो की हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही (३१). शिपाई दोर कापून होडी सोडून देतात, आणि शेवटी सगळी २७६ माणसं काठाला लागतात. आता वचन खोटं होतं की इशारा खोटा होता? दोन्ही खरे होते. शिपायांनी इशारा ऐकला आणि त्या ऐकण्यातूनच वचन पूर्ण झालं.

कृपेचं वचन आणि पडण्याबद्दलचा इशारा एकाच पुस्तकात का आहेत, याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

३. एका शब्दात सांगा. तारण गमावता येतं का?

एका शब्दात सांगणारे पुष्कळ भेटतील. अडचण अशी की दोन्ही बाजूंना वचनं आहेत आणि ती दोन्ही स्पष्ट आहेत.

माझ्या हातातून माझी मेंढरं कुणी हिसकावून घेणार नाही, असं येशू म्हणतो (योहान १०:२८). देवाच्या प्रीतीपासून काहीही आपल्याला वेगळं करू शकणार नाही, असं पौल लिहितो (रोम ८:३८-३९). आणि तोच पौल त्याच पत्रात तीन अध्यायांनंतर म्हणतो की देवाच्या ममतेत राहिला नाहीस तर तूही छाटला जाशील (११:२२). वेलात न राहणाऱ्या फाट्याचं काय होतं ते योहान १५:६ मध्ये आहे. विश्वासाचं तारू फुटलेल्या दोघांची तर पौलाने नावंच घेतली आहेत, हुमनाय आणि आलेक्सांद्र (१ तीमथ्य १:१९-२०).

यावर चर्चच्या मोठ्या परंपरांनी वेगवेगळी उत्तरं दिली. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सांगितलं की मोठ्या, प्राणघातक पापाने कृपा जाते आणि प्रायश्चित्त संस्काराने ती परत मिळते. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेत सुधारित, म्हणजे कॅल्विनच्या, परंपरेने मांडलं की खरा विश्वासी दावीद-पेत्रासारखा वाईट रीतीने पडू शकतो, पण देव त्याला पुरता सोडत नाही. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट परंपरेने गमावण्याची शक्यता मान्य केली.

डॉर्टच्या निर्णयांतली एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. देव आपल्या लोकांना ज्या साधनांनी टिकवून धरतो त्यांत वचनांबरोबर इशारेही येतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ‘तारण जात नाही’ म्हणणाऱ्यांनीही इशारे खोडून टाकले नव्हते. एकदा हात वर करून प्रार्थना केली की पुढे कसंही वागा, चालतं, ही शिकवण वरच्या तिघांपैकी कुणाचीच नाही.

माझं निरीक्षण असं की जे मुळात घाबरलेले आहेत ते इब्री ६ उघडून बसतात आणि जे निर्धास्त आहेत ते योहान १०. पुस्तकांची अदलाबदल केली तर दोघांचंही भलं होईल.

४. आई कॅथलिक, बाबा सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). फादर एक सांगतात, पाळक दुसरं. आम्ही कुणाचं ऐकायचं?

हा घोळ तुमच्या घरापुरता नाही, तो किनाऱ्याच्या इतिहासातून आला आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर ट्रेंटच्या वळणाची कॅथलिक शिकवण इथे रुजली. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला आले, पुढे रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. त्यांची शिकवण डॉर्टच्या बाजूची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सीएनआय स्थापन झाली तेव्हा त्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट असे सगळे एकत्र आले. त्यामुळे एकाच सीएनआयच्या दोन पाळकांकडूनही तुम्हाला दोन उत्तरं मिळू शकतात, आणि दोघेही आपापल्या वारशाला धरूनच बोलत असतात.

घरात भांडण टाळायचं असेल तर सिद्धांताऐवजी सल्ल्यापासून सुरुवात करा. ‘मी पापात पडलो, आता काय करू?’ असं दोघांनाही विचारा. लपवू नकोस, कबूल कर, परत ये, असंच दोघेही सांगतील. कबुली कुणापुढे द्यायची यावर मतभेद राहील, पण तो पुढचा आणि तुलनेने लहान प्रश्न आहे.

५. इब्री ६:४-६ मध्ये तर सरळ ‘अशक्य’ लिहिलंय. एकदा पडलेल्याला परतच येता येत नाही का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

पत्र कुणाला आहे ते आधी पाहा. हे यहूदी पार्श्वभूमीचे विश्वासी आहेत आणि छळाने थकून ख्रिस्ताला सोडून मागे फिरण्याच्या विचारात आहेत. या उताऱ्यात लेखक रागाच्या भरात केलेल्या चुकीविषयी बोलत नाही, जुन्या सवयीविषयी किंवा चर्च चुकवण्याविषयीही नाही. सगळं चाखून, समजून, मग देवाच्या पुत्राला जाहीरपणे नाकारण्याविषयी तो बोलतो आहे. ज्या एका दारातून पश्चात्ताप शक्य आहे तेच दार बंद करून घेतलं, तर दुसरं दार नाही, एवढा त्याचा अर्थ. आणि नवव्या ओळीत तो लगेच म्हणतो की प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. ती ओळ वगळून हा उतारा कुणी वाचून दाखवला तर पुस्तक त्याच्या हातातून घ्या आणि स्वतः पुढे वाचा.

हे खरे विश्वासी होते की वरवरचे, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. काही जण म्हणतात, लेखक फक्त ‘समजा असं झालं तर’ म्हणून बोलतोय. मला ते पटत नाही. जो धोका नाहीच त्याबद्दल कुणी इतक्या कळकळीने लिहीत नाही. पण एक गोष्ट सगळ्या बाजूंना मान्य आहे. परत यावंसं वाटून जो तळमळतो आहे त्याचं वर्णन इथे नाही. ती तळमळच पश्चात्तापाची सुरुवात असते.

६. इब्री १०:२६ म्हणतं, जाणूनबुजून पाप करत राहिलो तर पापासाठी यज्ञ उरत नाही. मी रोज ठरवतो आणि रोज पितो. माझं संपलं का?

त्याच अध्यायातली २९वी ओळ वाचा. तिथे ‘जाणूनबुजून’ म्हणजे काय ते लेखकच उलगडतो : देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणं, कराराचं रक्त तुच्छ मानणं, कृपेच्या आत्म्याचा अपमान करणं. गणना १५:३० मध्ये हात उगारून, देवाला आव्हान देत केलेलं पाप वेगळं काढलं आहे, तीच ही जात. तुम्ही रोज ठरवता आणि रोज हरता, हे आव्हान नव्हे.

आता दुसरी बाजू. हे उत्तर पिण्याला परवाना म्हणून वापरू नका. व्यसन आजार म्हणून घ्या आणि त्यावर उपचार करा. डॉक्टरकडे जा, व्यसनमुक्ती केंद्रात जा, बायकोला खरं सांगा. आठवडाभर पिऊन रविवारी रडायचं आणि सोमवारी काहीच बदलायचं नाही, हा क्रम लांबला की रडणंही सवयीचं होतं. या पत्राला भीती आहे ती त्या बधिरपणाची (३:१३).

७. माझ्या मनात पवित्र आत्म्याविषयी घाण विचार आला. ते अक्षम्य पाप झालं का?

नाही. पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही, हे वचन मार्क ३:२२-३० मध्ये आहे आणि कारणही तिथेच लिहिलं आहे. यरुशलेमहून आलेल्या शास्त्र्यांनी डोळ्यांदेखत झालेलं देवाचं काम पाहिलं आणि ते सैतानाचं आहे असं लोकांना सांगितलं. उजेड पाहून त्याला अंधार म्हणायचा ठाम निर्णय होता तो. मनात नकोसा विचार येणं आणि त्याने दचकणं ही अगदी उलटी गोष्ट आहे. ज्याने खरोखर ते पाप केलं, तो असा प्रश्न विचारायला येत नाही.

जॉन बन्यन या सतराव्या शतकातल्या इंग्रज उपदेशकाला अशाच विचारांनी पछाडलं होतं. आपण ख्रिस्ताला विकलं आणि थोरलेपणाचा हक्क विकणाऱ्या एसावासारखे (इब्री १२:१६-१७) कायमचे बाहेर पडलो, असं त्याला दीर्घकाळ वाटत होतं. तोच पुढे हजारोंना धीर देणारा झाला.

विचार पुन्हा पुन्हा येत असतील, ते झटकायला तुम्ही एकच प्रार्थना ठरावीक वेळा म्हणत असाल, एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करत असाल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. मंत्रचळ म्हणजे ओसीडी हा आजार धर्माचं रूप घेऊनही येतो आणि त्यावर औषधोपचार आहेत. तिथे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही.

८. पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो कृतीने. खरं कोण?

दोघे एकाच अब्राहामाविषयी बोलतात, पण त्याच्या आयुष्यातल्या दोन वेळांविषयी. पौल उत्पत्ती १५ मधल्या अब्राहामाकडे बोट दाखवतो, जेव्हा त्याने नुसता विश्वास ठेवला. याकोब उत्पत्ती २२ मध्ये, मुलाला, इसहाकाला, अर्पण करायच्या प्रसंगी, त्याच विश्वासाची कसोटी लागलेली पाहतो. भुतंही विश्वास ठेवतात आणि थरथरतात, असं याकोब म्हणतो (२:१९). तसल्या विश्वासाचा बचाव पौलानेही कधी केला नसता.

९. शेजाऱ्यांच्या गणपतीला गेलो, आरतीला उभा राहिलो, प्रसाद खाल्ला. १ करिंथ १० मधला इशारा मला लागू होतो का?

चतुर्थीनंतर हा प्रश्न हमखास येतो. पौल तिथे दोन गोष्टी वेगळ्या करतो. कुणी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं चौकशी न करता खा (१०:२७). पण ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका (१०:२८). आणि उपासनेत भागीदार होणं ही तिसरी, वेगळी गोष्ट आहे, त्याबद्दल तो कडक आहे (१०:१४-२२).

शेजाऱ्याच्या घरी जाणं, मखराचं कौतुक करणं, करंजी खाणं, हे शेजारधर्मात बसतं असं मी मानतो. मात्र गाऱ्हाणं घातलं जात असताना आपणही हात जोडून मागणं मागितलं, तर आपण काय केलं याचा विचार करावा लागेल. प्रसादाबद्दल आपल्या मंडळ्यांत एकमत नाही. ज्याचं मन खातं त्याने घेऊ नये, आणि जो घेतो त्याला न घेणाऱ्याने दोष लावू नये (रोम १४:३). नकार द्यायचाच असेल तर हसून, आदराने द्या. कोकणातला शेजारी तेवढं समजून घेतो.

१०. घरच्यांच्या दबावामुळे ‘मी ख्रिस्ताला मानत नाही’ असं सगळ्यांसमोर म्हणालो. मत्तय १०:३३ वाचून झोप लागत नाही.

जो मला लोकांपुढे नाकारील त्याला मीही पित्यापुढे नाकारीन, हे येशूचं वचन गंभीर आहे, ते सौम्य करून मी सांगणार नाही. पण ते ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्या बारा जणांत पेत्र होता. त्याने शपथेवर तीनदा नाकारलं आणि येशूने त्याला किनाऱ्यावर, मासे भाजून, पुन्हा कामाला लावलं (योहान २१).

चर्चपुढे हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला तो २५० साली. रोमन बादशहा डेसियसने सगळ्यांना देवतांना बळी अर्पण करायला लावलं आणि केल्याचं प्रमाणपत्र घ्यायला लावलं. कित्येक ख्रिस्ती लोकांनी अर्पण केलं, काहींनी अर्पण न करता पैसे भरून नुसतं प्रमाणपत्र मिळवलं. छळ ओसरल्यावर हे सगळे चर्चच्या दाराशी आले. रोममधला धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना आत घेऊ नका. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मधला मार्ग धरला : पाप लहान मानू नये, प्रायश्चित्ताचा काळ असावा, पण दार बंद करू नये. चर्चने सिप्रियन यांच्या बाजूने कौल दिला.

आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मरण पत्करून विश्वासू राहिले. त्यांचा अभिमान जरूर बाळगावा. पण चर्च पेत्राचाही सण पाळतं.

तुम्ही आता काय करावं? जिथे जीवाला किंवा घराला धोका नाही अशा एखाद्या विश्वासू माणसापुढे आधी खरं बोला. सगळ्या गावासमोर जाहीर करायची घाई नको.

११. नवरा जहाजावर असतो, महिनोन् महिने चर्च नाही. ‘एकत्र मिळणे सोडू नका’ (इब्री १०:२५) हा इशारा त्याला लागतो का?

लागत नाही. ते वचन भीतीने किंवा कंटाळ्याने मंडळी सोडणाऱ्यांना आहे, पोटासाठी दर्यावर असणाऱ्याला नाही. तो परत आल्यावर काय करतो ते पाहा. किनाऱ्यावर असूनही फक्त नाताळ आणि ईस्टरच्या सणाला येणाऱ्यांनी मात्र १ करिंथ १०:१-५ वाचावं. इस्राएलचे सगळेच लोक मेघात आणि समुद्रात बाप्तिस्मा पावले होते, सगळ्यांनी तेच अन्न खाल्लं होतं, आणि तरी त्यांच्यातले बहुतेक अरण्यात पडले.

१२. मुलगा मुंबईला गेल्यापासून देवाला मानत नाही म्हणतो. ‘ते आपल्यातले नव्हतेच’ (१ योहान २:१९) म्हणायचं का?

म्हणू नका. योहानाने ते मंडळी फोडून गेलेल्या खोट्या शिक्षकांबद्दल लिहिलं. तुमच्या मुलाची गोष्ट अजून चालू आहे. भरकटलेल्याला परत आणणाऱ्याविषयी याकोब ५:१९-२० मध्ये वचन आहे, म्हणजे परत येता येतं. मोनिका आपल्या मुलासाठी वर्षानुवर्षं रडली आणि ३८७ साली मिलानमध्ये त्या मुलाचा, म्हणजे पुढे संत झालेल्या ऑगस्टीनचा, बाप्तिस्मा झाला. फोनवर वचनं पाठवायचं थोडं कमी करा. सुट्टीत तो घरी आला की त्याच्या आवडीचं जेवायला करा आणि तो बोलेल ते ऐका.

१३. आमच्या घरातल्या माणसाने स्वतःचा जीव घेतला. नातेवाईक म्हणतात, त्याचं तारण गेलं.

नातेवाइकांना तो अधिकार कुणी दिला? कॅथलिक धर्मशिक्षणात स्पष्ट म्हटलं आहे की अशा माणसाच्या सार्वकालिक तारणाविषयी निराश होऊ नये, आणि तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी कमी करतात. प्रोटेस्टंट घरांसाठी रोम ८:३८-३९ आहे, तिथे ‘मरण’ हा शब्द यादीत पहिला आहे. प्रश्न ५ मधला उतारा अशा मृत्यूबद्दल नाही, तो कुणी तुमच्यावर फेकला तर हे सांगा.

हे वाचताना तुमच्याच मनात तसे विचार येत असतील तर आत्ता कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

१४. ‘अयोग्य प्रकारे’ प्रभुभोजन घेतलं तर दंड, असं १ करिंथ ११ मध्ये आहे. म्हणून मी वर्षभर घेतलंच नाही. बरोबर केलं का?

करिंथमध्ये घडत होतं ते असं : पैसेवाले आधी येऊन खात-पीत, काही जण झिंगत, आणि मागून येणारे गरीब उपाशी राहत (११:२१-२२). अयोग्यपणा तो होता. त्यावर पौलाचा उपाय आहे की माणसाने स्वतःला पारखावं आणि मग खावं (२८). पारखून लांब बसावं असं तो म्हणत नाही.

तुम्ही कॅथलिक असाल आणि मनावर मोठं पाप असेल तर आधी कुमसार (फादरांपुढे पापकबुली), मग कम्युनियन (प्रभुभोजन), हा क्रम पाळा. सीएनआयमध्ये असाल तर भक्तीतली पापकबुली मनापासून म्हणा आणि पुढे या. कुणाशी बोलणं बंद असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन या (मत्तय ५:२३-२४). भावकीतली जमिनीची केस कोर्टात चालू असेल तर ती मिटेपर्यंत थांबायची गरज नाही. भावाशी निदान बोलायला सुरुवात केली तरी पुरे.